ओयनिसाच्या डोक्यातलं रेशीम

मर्गिलान शहरात रेशमाचा धागा काढावा तर ओयनिसानेच. उकळत्या कढईत कोष टाकायचे, काडीने ढवळून टोक पकडायचं, की धागा निघालाच! आतल्या अळीचं काय होतं, हे विचारायची तिथे पद्धत नाही. तिनेही कधी विचारलं नाही.

मग तिला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. ताश्कंदच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, एर्गशला, सांगितलं, "मेंदूत पोकळी झालीय. तिथे रेशमापासून केलेला जेल भरू. मांडवावर वेल चढते ना, तसे त्याच्या आधाराने नवे मज्जातंतू चढावेत, असा प्रयोग आहे. पण घरी गेल्यावर त्यांना बोलतं करा हं. सराव नसेल तर सगळं फुकट."

ओयनिसाने त्यातलं एकच ऐकलं, रेशीम.

जेल भरून घरी आली आणि तिला डोक्यात काहीतरी ऐकू येऊ लागलं. कुरकुर, कुरकुर. तुतीचा पाला खाणाऱ्या अळ्यांचा आवाज, तो ती झोपेतही ओळखेल. आणि अळ्यांच्या खोलीत बोलायचं नसतं, हे तिकडे पोराटोरांनाही ठाऊक. बिचकल्या की खाणं सोडतात नि मरतात. शब्द तर आता तिच्या जिभेवर येत होते. तिने ते गिळले. आयुष्यभर इतक्या मारल्या, डोक्यात आल्यात त्या तरी जगू देत! भीतीने तिचा जीव अर्धा झाला होता.

"आई, 'पाणी' म्हणा ना," सून नफोसत विनवायची.

"मूग गिळून बसलीय!" एर्गश चिडायचा. "जन्मभर माझं डोकं खाल्लंस आणि आता गप्प? अगं, शिवी तरी दे!" मग तोंड फिरवून रडायचा.

एके सकाळी कुरकुर थांबली. ओयनिसाने डाव्या हाताने डोकं घट्ट धरलं. खाणं थांबलं म्हणजे कोष विणायला लागल्या. कोष झाले की पुढे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

तेवढ्यात नफोसत तिचे केस धुवायला वाफाळत्या पाण्याची बादली घेऊन आली.

"नको!" ओयनिसा किंचाळली. "उकळू नका गं... जिवंत आहेत!"

नफोसतच्या हातून बादली सुटली. "बाबा, धावा! आई बोलल्या!"

एर्गश अनवाणी धावत आला. बायकोचा लुळा हात छातीशी धरून ढसाढसा रडला. "बोल गं, आणखी बोल!"

"जिवंत आहेत," ती गयावया करत म्हणाली.

"ऐकलंस? किती स्पष्ट!" तो सुनेला म्हणाला, आणि बायको आणखी बोलावी म्हणून कढत पाण्याची दुसरी बादली आणायला त्याने तिला पिटाळलं.