बाबांच्या खोलीतले स्पीकर

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

मी अकोल्याला माहेरी आलेय. कमरेचं हाड मोडल्यापासून बाबा आतल्या खोलीत पडून असतात. गाण्यांचं त्यांना वेड, पण म्युझिक सिस्टीम हॉलमध्ये. तिच्या अ‍ॅम्प्लिफायरला आणखी दोन स्पीकर जोडायची सोय आहे. सकाळी मी भिंतीवरून वायर आत नेली आणि बाबांच्या उशाशी स्पीकर लावले. भजन सुरू झालं तशी त्यांची बोटं पांघरुणावर ताल धरू लागली.

दादा जेवायला घरी आला आणि वायर बघून भडकला. "आत्ताच रंग देला भिंतीले! पाहुणे काय म्हनतीन?" असं म्हणत त्यानं ती उपटूनच टाकली.

"अरे, बाबा आयकून राहिले होते!"

आतून बाबा म्हणाले, "राहू दे बाई, मले नाई आयकाचं."

ते ऐकून मी पेटलेच. दादासमोर वायर पुन्हा ठोकली. "आता हात लावून दाखव!" म्हटलं. त्यानं हात लावला नाही, पण माझ्याशी बोलतही नाहीये.

नाही बोलला तर नाही बोलला.

तुमच्या घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत दिवसभर काय ऐकू येतं, सांगा बरं?