पडद्यावरची विहीर

भर दुपारी डेअरीच्या हॉलची दारं-खिडक्या लावून बिल्डरच्या माणसानं आम्हा भांडगावकरांना उद्याचं शहर दाखवलं. आमच्याच शिवारात ते उभं राहणार होतं. माणूस ओळखून उघडणारं दार, बाहेरूनच फोनवर लावता येणारा दिवा, दूध संपलं की आपणहून दुकानाला कळवणारं कपाट. मी तेव्हा दौंडला कॉम्प्युटर क्लासला जात होते. मला तर त्या शहरात आजच राहायला जावंसं वाटलं.

मग पडद्यावर आमचं रान आलं. माझ्या वडिलांची आणि आप्पांची, म्हणजे धाकट्या चुलत्यांची, विहीर सामाईक होती. एक आठवडा पाण्याची पाळी आमची, एक त्यांची. पडद्यावर तिथं निळाशार तलाव होता आणि बांधावर सरळ भिंत. तलाव सगळा आप्पांच्या अंगाला.

आमच्याकडं जमिनीची सरकारी मोजणी झाल्याशिवाय बांधाला कोणी हात लावत नाही. त्यामुळं भिंत दिसली म्हणजे मोजणी झालीच, असं वडील धरून बसले.

"गुपचूप मोजणी करून घेतली व्हय रं?" ते ओरडले.

"दादा, आईची आन, मला काय बी ठावं न्हाई," आप्पा म्हणाले.

मी बोंबलून सांगत होते, हे नुसतं चित्र आहे, कुणीतरी पुण्यात बसून काढलंय. पोरीचं कोण ऐकतंय! वडिलांनी पडद्याच्या स्टँडची लोखंडी नळी उपसली. पहिला घाव आप्पांनी हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा डोक्यात बसला. चुलतीनं वडिलांच्या दंडाला कडकडून चावा घेतला, तर त्यांनी तिला भिंतीवर आपटली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बापाचा जीव घ्यावासा वाटला.

बिल्डरचा माणूस मागच्या दारानं पसार झाला. पडदा कोसळला तरी मशीन चालूच होतं. चित्रातल्या रुंद रस्त्यावरची गोरीगोमटी माणसं आता आप्पांच्या रक्तानं भिजलेल्या सदऱ्यावरून चालत होती.

शहर काही आलं नाही. भिंत मात्र वडिलांनी घातली, थेट विहिरीच्या काठापर्यंत. आप्पांचा उजवा हात वाकडाच राहिला.

पुढं मला पुण्यात नोकरी लागली. कार्ड दाखवलं की ऑफिसचं दार उघडतं, हे मी आप्पांना कौतुकानं सांगितलं. डाव्या हातानं चहा पीत ते म्हणाले, "त्या शिनेमात लई माणसं फिरत व्हती, पोरी. तुझा बाप उठायच्या आदी मी त्याला आन् मला हुडकत व्हतो. आमी दोघंबी कुठं न्हवतो."