नासवलेलं दूध

कापसाला भाव नव्हता त्या वर्षी आमची पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली होती. पुसदच्या हॉस्टेलवरून सुट्टीला आले आणि मैत्रिणीकडे खाल्लेल्या पालक-पनीरचं कौतुक मी आईपुढे लावलं.

पनीर करायचं म्हणजे चांगल्या दुधात लिंबू पिळायचं. आईचा हातच उठेना. घरात दूध नासणं तिच्या लेखी अपशकुन. "धडधाकट दूध कायले नासवतं वो?" म्हणाली. शेवटी पातेल्याला हात जोडून, तोंड फिरवून तिनं लिंबू पिळलं. फाटलेलं दूध फडक्यात बांधून पाट्याखाली दाबलं. पालक वाटून लसणाच्या फोडणीत टाकला, वरून दोन दिवसांची साय घातली.

जेवताना पाहिलं, तर पनीरचे सगळे तुकडे माझ्या वाटीत आणि तिच्या ताटात नुसता पालक. माझं डोकंच फिरलं. तंगीच्या दिवसांत आया अशाच मन मारतात आणि वर हसतात, याची मला भयंकर चीड आहे. मी अर्धे तुकडे तिच्या ताटात ढकलले आणि "खा!" म्हणून ओरडले.

तिनं एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला.

"रबर हाये," ती म्हणाली. "चुलीपाशीच चाखून पाह्यलं होतं मी. आता तूच संपव."