एक लाख एक सूर्यनमस्कार

आमच्या शिवाजी पेठेत शुभकार्याचा आकडा शून्यावर थांबत नाही. नारळ एकशे एक, दिवे पाचशे एक. त्यामुळे शेजारच्या तालमीनं महिनाभरात एक लाख सूर्यनमस्कार घालायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या वस्तादांनी लगेच वर एक चढवला. चाळीस जण अडीच-अडीच हजार घालणार होते, सगळं सरळ होतं. आता हा वरचा एक कुणी घालायचा? तो मानाचा, म्हणून सगळ्यांनाच हवा. आठवडाभरात तालमीत दोन तट पडले आणि संकल्पच मोडायची वेळ आली.

शेवटी वस्ताद दहा-बारा जणांना घेऊन माझ्या दारात आले. मी गणिताची निवृत्त शिक्षिका, निम्म्या पेठेनं माझ्या हातच्या छड्या खाल्लेल्या.

"बाई, सगळ्यांच्या वाटणीला सारखं येतील असं किती गडी घेऊ, तेवढं सांगा," वस्ताद म्हणाले. "एक जरी इकडं-तिकडं झाला तर डोकी फुटतील."

शिकवणीच्या फळ्यावर मी १,००,००१ लिहिलं. दोननं नाही, तीननं नाही, पाचनं नाही. सातनं भागलं, बाकी सहा. माझी दुपारची झोप मोडली होती, त्यामुळे पुढं जायचा कंटाळा आला. "ही मूळ संख्या आहे," मी ठणकावलं. "एकट्यानं सगळे घाला, नाहीतर एक लाख एक माणसं गोळा करा."

"माणसं मिळतील ओ," वस्ताद म्हणाले, "पर पहाटं उठायचं कुणी?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, अकरानं जातंय."

तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, माझाच जुना विद्यार्थी. मी फटकारलं, "तू आधी चेंडू अडवायला शीक, मग मला अडव." सगळे खो खो हसले. तो मात्र सरळ फळ्यापाशी आला.

"एक सोडून एक आकडं मिळवायचं. ह्या तिघांची बेरीज एक, त्या तिघांचीबी एक. फरक शून्य. म्हंजे भाग जातोय की."

मी भागाकार मांडला. नऊ हजार एक्क्याण्णव, बाकी शून्य. आयुष्यभर शिकवलेला नियम मीच विसरले होते. कान तापले माझे.

अकरा म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा फुटबॉल संघावर गेल्या. माणशी रोजचे तीनशे तीन आणि शेवटच्या दिवशी वर एक.

"तुला त्वांड उघडाय कुणी सांगितलंतं रं?" संघाचा कप्तान त्याच्यावर खेकसला. वस्तादांनी मात्र तिथंच नारळ फोडला.

सगळे पांगल्यावर मी गोलकीपरला थांबवलं. चेष्टा केल्याचं मला खरंच वाईट वाटत होतं. एवढा जुना नियम ध्यानात कसा राहिला, असं मी विचारलं.

"नववीला दोन वर्सं हुतो न्हवं तुमच्या वर्गात," तो म्हणाला. "बाकीच्यांस्नी तुमी एकदाच शिकिवलंसा."