चिंचबनचे शेवटचे दोन सामने

मला व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढून टाकले, म्हणून मी कोल्हापूरला गेले.

ग्रुप होता चिंचबन तालमीच्या फुटबॉल संघाच्या समर्थकांचा. (तालीम म्हणजे मूळचा कुस्तीचा आखाडा. कोल्हापुरात मात्र पेठेतल्या मंडळालाही तालीमच म्हणतात, आणि अशा कितीतरी तालमींचा स्वतःचा फुटबॉल संघ असतो.) मी जळगावची. एका लॅबमध्ये रक्त-लघवीच्या तपासण्या करते. पण शिक्षणाची तीन वर्षे मी कोल्हापुरात काढली. आमच्या वसतिगृहाची गच्ची आणि सरावाचे मैदान यांच्यामध्ये फक्त एक रस्ता होता. इतर मुली वाळलेले कपडे काढून खाली जायच्या, मी कपडे हातात घेऊन तशीच उभी राहायचे. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो संघ तेव्हापासून माझा झाला. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, मुलगी कॉलेजात गेली. पण चिंचबनचा निकाल कळल्याशिवाय मला आजही जेवण गोड लागत नाही.

या वर्षी निकाल बघवत नव्हते. पंधरा वर्षे संघाला शिकवणारे बापू माने यांना कमिटीने हंगामाच्या सुरुवातीलाच काढले. त्यानंतर दोन प्रशिक्षक येऊन गेले आणि तिसरा आला. बाहेरगावाहून खेळाडू आणले. ते सामन्याच्या दिवशी सकाळी उतरायचे आणि संध्याकाळी परत जायचे. पेठेतली मुले बाकावर बसून राहायची. संघ तळाला गेला. मी ग्रुपवर एवढेच विचारले होते की बापूंना का काढले ते कमिटी सांगेल का. दहा मिनिटांत मी ग्रुपच्या बाहेर होते.

दोन सामने उरले होते, एक गुरुवारी आणि एक रविवारी. त्यातला एक तरी जिंकला तरच संघ वरच्या गटात राहणार होता. मी बुधवारी दुपारच्या बसमध्ये बसले. बॅगेत दोन ड्रेस, केळ्याच्या वेफर्सची चार पाकिटे आणि कमिटीच्या अध्यक्षांना सुनावायचे भाषण, जे मी कागदावर लिहून पाठ केले होते.

गुरुवारी सकाळी कोल्हापुरात उतरले तेव्हा हवेत गुऱ्हाळाचा गोड वास होता. रिक्षावाल्याने पहिल्याच वाक्यात चौकशी सुरू केली. पावणं कुठनं आलाय, कुणाकडं, कशापायी. (पावणं म्हणजे पाहुणे. इथे अनोळखी माणूसही पावणंच असतो.) सामना बघायला आले, लॉजवर उतरणार असे सांगितल्यावर त्याने कोणाचा म्हणून विचारले. मी चिंचबन म्हटले. त्याने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिले.

"मग लॉजवर कशाला, सरळ दवाखान्यात सोडतो की."

मला हसू आले आणि रागही आला. तो दुसऱ्या पेठेचा होता. तरी त्याने मला मिसळीच्या दुकानापाशी आपणहून थांबवले, खाऊन घ्या म्हणाला, आणि मी खाईपर्यंत बाहेर उभा राहिला. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव असतो, इथे ब्रेडचे जाड काप. वरून ओतलेला कट, म्हणजे तांबडा रस्सा, इतका तिखट होता की पहिल्या घासाला कानातून वाफ निघाल्यासारखे झाले. शेजारच्या टेबलावरची माणसे दुपारच्या सामन्याबद्दल भांडत होती. चिंचबन किती गोलांनी हरेल, यावर भांडण होते.

स्टेडियममध्ये प्रत्येक तालमीच्या लोकांची पायऱ्यांवरची जागा ठरलेली असते. आमच्या जागेवर यंदा मोकळ्या पायऱ्याच जास्त होत्या. तिथे मांडीवर हिरवा झेंडा घेऊन एक बाई बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. त्यांचे नाव बानूभाभी, वय पंचावन्नच्या पुढे. पेठेत त्यांचे शिवणकामाचे दुकान आहे आणि गेली बारा वर्षे चिंचबनच्या जर्सी त्याच शिवत आल्या होत्या. यंदा कमिटीने जर्सी बाहेरून तयार मागवल्या. हिरवा रंग पोपटी निघाला आणि दुसऱ्या धुण्याला पाठीवरचे आकडे सुटले. हे सगळे त्यांनी मी काही विचारण्याआधीच सांगितले.

सामना आम्ही तीन गोलांनी हरलो. हरण्यापेक्षा मला जास्त लागले ते दुसरेच. आमचा गोलकीपर बचाव करणाऱ्या खेळाडूला "ए पाच नंबर" अशी हाक मारत होता. त्याला त्या मुलाचे नाव माहीत नव्हते. नवा प्रशिक्षक निम्मा वेळ फोनवर बोलत होता. तिसरा गोल झाल्यावर आमच्या मागचा एक माणूस कमिटीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून उठला आणि झेंडा पायरीवर टाकून निघून गेला. बानूभाभींनी तो उचलला, झटकला आणि घडी घालून पिशवीत ठेवला.

मी त्यांना माझ्या भाषणाबद्दल सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि त्या म्हणाल्या की भाषणे अध्यक्षांना रोजच ऐकू येतात, त्याने काय होणार. बापू हुपरीला घरीच असतात. आधी त्यांना भेटायला हवे.

"उद्या जाऊ या की. तुम्ही एवढ्या लांबनं आलाय, तुम्हास्नी न्हाय म्हणायचा न्हाय त्यो."

शुक्रवारी आम्ही निघालो आणि बोलण्याच्या नादात चुकीच्या बसमध्ये बसलो. ही बस मुरगूडची, हे कंडक्टर तिकीट द्यायला आला तेव्हा कळले. त्याने आम्हाला कागलला उतरवले. तिथून वडापने (वडाप म्हणजे माणसे कोंबून नेणारी जीप) पुढचा रस्ता धरला. मी ड्रायव्हरच्या शेजारी, माझ्या मांडीवर कुणाची तरी कोथिंबिरीची जुडी आणि पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. त्यांना ओलांडता येईना. दोन्ही बाजूंना तोड झालेली रिकामी शेते आणि मधेच उभा ऊस. दहा वाजता पोहोचायचे ते आम्ही बाराला पोहोचलो.

हुपरी चांदीच्या दागिन्यांचे गाव. घराघरांत पैंजण घडवतात. गल्लीतून चालताना प्रत्येक दारातून बारीक ठोकण्याचा आवाज येतो आणि दोन पावलांवर तो बदलतो. बापू पुढच्या खोलीत लाकडी पाटासमोर बसून पैंजणाच्या कड्या जोडत होते. साठी उलटलेले, बारीक, नाकावर चष्मा. आम्हाला बघून त्यांनी हातातली गॅसच्या ज्योतीची नळी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा हेच सांगितले की बसा, चहा घ्या, पण फुटबॉलचे नाव काढू नका.

मग आम्ही नाव काढले नाही. पाऊसपाणी, माझा प्रवास, जळगावची केळी असे बोलणे चालले. वेफर्सचे पाकीट फुटले. शेवटी त्यांच्या पत्नी सुशीलाबाई आतून बाहेर आल्या आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "मी सांगतो खरं काय ते. हा माणूस रोज चार वाजले की गच्चीवर जातो आणि शाळेच्या मैदानावरच्या पोरांना वरनं वरडतो."

(इथल्या कित्येक बायका स्वतःबद्दल बोलताना "मी सांगतो", "मी आलो" असेच म्हणतात. तीन वर्षांत मलाही ती सवय लागली होती, सासरी गेल्यावर मोडली.)

बापू कसनुसे हसले आणि मग बोलायला लागले. काढले याचे दुःख नव्हते, प्रशिक्षक बदलतात. पण ती बातमी त्यांना चांदीच्या व्यापाऱ्याने मोबाइलमध्ये वाचून दाखवली होती. पंधरा वर्षांनंतर एकाही माणसाने तोंडावर येऊन सांगितले नाही.

"परत बोलवा म्हणत न्हाय मी," ते म्हणाले. "अध्यक्षानं नुसतं येऊन सांगावं, का काढलं. मग मी मोकळा."

जेवायला थांबावेच लागले. ज्वारीची भाकरी, खर्डा, घट्ट दही आणि वांग्याची भाजी. खर्डा म्हणजे भाजून ठेचलेली हिरवी मिरची. मी खानदेशची असूनही पाणी मागितले. निघताना आम्ही चपला घालत होतो, तेव्हा बापूंनी मागून विचारले, "परवा... न्हाय, कालचा तिसरा गोल कुठनं झाला?"

मी सांगितले. उजवीकडून. आमचा मुलगा पुढे गेला आणि त्याच्या मागे कुणीच नव्हते. ते पुन्हा पाटासमोर बसले. सुट्या कड्यांमधल्या अकरा वेगळ्या काढून त्यांनी मांडल्या आणि कोण कुठे उभा राहायला हवा ते दाखवू लागले. प्रत्येक कडीला त्यांनी एक नाव दिले. सगळी बाकावर बसलेल्या मुलांची नावे होती. माझ्या चपला हातातच राहिल्या.

संध्याकाळी आम्ही अध्यक्षांकडे गेलो. त्यांचे चटणी कांडपाचे दुकान आहे. (कांदा-लसणाच्या मसाल्याला इथे चटणी म्हणतात.) दारातच मला शिंका सुरू झाल्या, त्यामुळे पाठ केलेल्या भाषणाची सुरुवातच बिघडली. तरी मी बरेच बोलले. मुलांबद्दल बोलले, जर्सीबद्दल बोलले, प्रश्न विचारणाऱ्याला हाकलून देण्याबद्दल बोलले. ते उभ्याने ऐकत राहिले. मी ज्याच्यावर वर्षभर चिडले होते तो माणूस इतका थकलेला असेल असे मला वाटले नव्हते.

त्यांनी काही लपवले नाही. संघाला पैशाची मदत करणाऱ्या मोठ्या लोकांना यंदाच करंडक हवा होता. बापूंची मुले कच्ची आहेत असे त्यांचे म्हणणे पडले आणि अध्यक्ष त्यांच्यापुढे नमले. बापूंना घरी जाऊन सांगायचे ठरवले होते. आज जाऊ, उद्या जाऊ करण्यात दोन दिवस गेले, तेवढ्यात कुणीतरी ते ग्रुपवर टाकले. त्यानंतर धीर झाला नाही.

"माझ्या पोराला पण त्यांनीच शिकवलंय," ते म्हणाले. "काय तोंडानं फोन करू?"

आता बानूभाभी पुढे होऊन म्हणाल्या, "फोन करूच नका. फोनवर तोंड दिसत न्हाय. गाडी काढा आणि जावा."

आम्ही निघालो तेव्हा अध्यक्ष मापाचा डबा हातात धरून तसेच उभे होते. मला वाटले, झाले, आपला दिवस फुकट गेला.

शनिवारी दुपारी मी बानूभाभींच्या दुकानात बसले होते तेव्हा सुशीलाबाईंचा फोन आला. अध्यक्ष सकाळी एकटेच आले होते. दोघांचे काय बोलणे झाले ते सुशीलाबाईंना ठाऊक नव्हते, कारण त्या चहा करत होत्या. पण चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा बापू माळ्यावर बूट कुठे ठेवलेत ते विचारत होते. बानूभाभींनी फोन ठेवला आणि कपाट उघडले. गेल्या वर्षीच्या जर्सी त्यांनी धुऊन ठेवल्या होत्या. आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत त्यांना इस्त्री केली आणि तीन जर्सींच्या उसवलेल्या बाह्या शिवल्या.

रविवारी मैदानावर बाहेरच्या खेळाडूंऐवजी पेठेची मुले उतरली आणि कडेला नव्या प्रशिक्षकाच्या जागी बापू उभे होते. पायऱ्या भरल्या होत्या. बातमी पसरायला शनिवारची संध्याकाळ पुरली होती. पूर्वार्धात आमच्यावर एक गोल झाला. पण या वेळी गोलकीपर प्रत्येकाला नावाने हाक मारत होता, आणि चेंडू गेला की त्याच्यामागे दोघे धावत होते. उत्तरार्धात आमच्या सर्वांत लहान चणीच्या मुलाने डोक्याने गोल केला आणि बरोबरी झाली. बानूभाभींनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसत होते. शेवटच्या मिनिटांत एक फटका गोलच्या आडव्या दांड्याला लागून परत आला. शिट्टी झाली.

बरोबरी पुरेशी नव्हती. चिंचबन खालच्या गटात गेले.

मुले मैदानावरच बसली. दोघे रडत होते. बापू त्यांच्यामध्ये जाऊन बसले, उभे राहून बोलले नाहीत. मग अध्यक्ष आमच्या पायऱ्यांपाशी आले. हातात माईक नव्हता, त्यामुळे मागच्यांना ऐकू जावे म्हणून पुढच्यांनी आपणहून सगळ्यांना गप्प केले.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "पोरांची न्हाय, बापूंची न्हाय. पुढल्या वर्षी पहिल्या दिवसापासनं बापू, आणि आपलीच पोरं."

वरून कुणीतरी ओरडले, आता सांगतोय व्हय. ते खरेच होते, आणि अध्यक्षांनीही मान हलवली. पण लोक उठून गेले नाहीत. कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या, त्या मैदानावर बसलेल्या मुलांकडे वळल्या आणि मुले उठून उभी राहीपर्यंत थांबल्या नाहीत.

सोमवारी सकाळी बानूभाभी मला स्टँडवर सोडायला आल्या. वाटेत सरावाचे मैदान लागते. साडेसहा वाजले होते. हंगाम कालच संपला होता, तरी दहा-बारा मुले फेऱ्या मारत होती आणि बापू गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते. हुपरीहून पहिल्या बसने आले असावेत. आम्ही थांबलो नाही. त्यांच्या कामात खोळंबा नको म्हणून रिक्षा तशीच पुढे नेली.

परतीच्या बसमध्ये कराड मागे पडेपर्यंत मी हिशोब लावत होते की मला वाईट वाटायला हवे की बरे. माझा राग पूर्ण गेलेला नाही. एक माणूस आठवडाभर आधी हुपरीला गेला असता तर चिंचबन वरच्या गटात राहिले असते, असे मला अजून वाटते. पण संघ चालवणारी माणसे कुठल्यातरी बंद खोलीत असतात आणि आपण बाहेरून फक्त ओरडायचे असते, हा माझा समज मात्र गेला. त्यांच्या दारात जाता येते. शिंका आल्या तरी बोलता येते.

मंगळवारी लॅबमध्ये गेल्यावर मॅडमनी विचारले, जिंकला का तुमचा संघ. मी म्हटले, नाही, खाली गेला. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. मग मी पुढच्या वर्षीच्या रजेचा विषय काढला. खालच्या गटाचे सामने सुट्टीच्या दिवशी नसतात, कामाच्या दिवशी भर दुपारी असतात. तेव्हा यंदापेक्षा जास्त रजा लागेल, ते आत्ताच लिहून ठेवा, असे मी त्यांना सांगितले.