खाजाभाईंचं अर्धं भाषण

अहमदपूरचे खाजाभाई टेलर एके काळी जिल्ह्याच्या कबड्डी संघात होते. ते चढाईला आले की समोरच्यांची पाचावर धारण बसायची. अजूनही त्यांना एका जागी बसवत नाही. कापड बेतताना दहा वेळा दुकानाबाहेर येतील, उगाच स्टँडकडे बघतील. त्यातून लातूरच्या टीबीवाल्या संस्थेचं बोलावणं आलं, की आदल्या दिवसापासून घरच्यांना सळो की पळो करून सोडतात.

संस्था त्यांना डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला आलेल्या पोरापोरींच्या वसतिगृहांत भाषणाला नेते. एक पैसा न घेता ते जातात. भाषण ठरलेलं: टीबी झाला, सहा महिने गोळ्या खाल्ल्या, पुन्हा मैदान मारलं. टाळ्या पडतात. खाजाभाईंना मात्र त्या टाळ्या नकोशा होतात, कारण मधली एक गोष्ट ते दरवेळी गिळतात. चोवीस वर्षांत त्या गोष्टीची लाज काही कमी झालेली नाही.

परवा मुलींच्या एका वसतिगृहात टाळ्या पडल्या, पण थुंकी तपासायच्या डब्या टेबलावर तशाच राहिल्या. परीक्षा महिन्यावर आलेली. टीबी निघाला तर घरचे उचलून गावी नेतील, ही सगळ्यांना धास्ती. तेवढ्यात उमरीची ज्योत्स्ना उठली. डॉक्टर व्हायला आलेली पोरगी, तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"सर, गोळ्या सुरू व्हायच्या आधी किती दिवस खोकत होता? अन् घरात किती माणसं होती?"

खाजाभाई खिडकीपाशी गेले, परत आले. संस्थेच्या बाईंनी पुढचा प्रश्न घेऊ म्हणून पाहिलं. खाजाभाईंनी त्यांना हातानंच थांबवलं.

"तीन महिने," ते म्हणाले. "भूकंपाचं साल. घरात जायला भ्या वाटायचं, म्हणून सगळे अंगणात एका पत्र्याखाली झोपायचो. थंडी लई, तर चारी बाजूंनी ताडपत्री. राज्याच्या संघाची निवड होती, मी खोकला लपवला. माझी बहीण नाजिया, नऊ वर्षांची, माझ्याच कुशीत झोपायची. तिला माझा टीबी लागला, मेंदूत गेला. ती गेल्यावर डॉक्टरनं घरातल्या सगळ्यांना तपासलं, तवा माझा निघाला. मी बरा झालो."

टाळ्या पडल्या नाहीत. ज्योत्स्ना अजून उभीच होती.

"मी दीड महिना झाला, खोकून राहिले," ती म्हणाली. "आमी तिघी हाव एका खोलीत."

आणि टेबलापाशी जाऊन तिनं तीन डब्या उचलल्या.