इंग्लंडातले लाल गडगे

लग्न करून मी बहारीनला आले तेव्हा समुद्रावरचा पूल व्हायचा होता. बेट म्हणजे अगदी बेटच. माहूजमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, खिडकीत दिवसभर गुरगुरणारा एसी, आणि एसीच्या बाजूच्या फटीतून दिसायचा तो समोरच्या इमारतीचा एसी. आमचे हे एका कंत्राटदार कंपनीत स्टोअरकीपर होते. पहाटे कंपनीची बस यायची, अस्करच्या बाजूला साइटवर न्यायची आणि अंधार पडता पडता आणून सोडायची. मधल्या वेळात बायकोने काय करायचं, याचा विचार कोणीच केलेला नव्हता. नोकरी करायची नाही असं माझ्या व्हिसावर लिहिलेलं होतं. एकटीने बाहेर पडायचं नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण ह्यांच्या कपाळावर ते सहज वाचता यायचं.

मी काही मुळूमुळू रडणाऱ्यातली नव्हे. पहिले दोन महिने कडाकडा भांडले. रत्नागिरीत बाबांचा फोटो स्टुडिओ होता आणि पंधराव्या वर्षापासून मी तिथे फोटो रंगवायचे. रंगीत फिल्म तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांना परवडायची नाही, म्हणून काळ्या-पांढऱ्या फोटोवरच हाताने रंग चढवायचा. काडीला कापूस गुंडाळायचा, फोटो जरासा ओला करायचा, रंग पाण्यात पातळ करून हलक्या हाताने फिरवायचा. गालाला गुलाबी, शालूच्या काठाला पिवळा, कुड्यांच्या मोत्यांना कोरा कागद ठेवायचा. एकदा कागदाने रंग प्यायला की तो पुसता येत नाही, त्यामुळे हात ठाम लागतो. माझा होता. लोक सांगून ठेवायचे, मुलीच्या हातचा पाहिजे म्हणून. आणि इथे मी सकाळी भाजी चिरायचे, दुपारी भिंत बघायचे.

मग मला दिवस गेले. चौथा महिना लागला तशी आईची पत्रं सुरू झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे विचारायचं काही नसतंच. आईने माजघर सारवून घेतलं होतं, शेजारणीकडून पाळणा मागून आणला होता, सुईणबाईंना सांगून ठेवलं होतं. फक्त मी येणं बाकी होतं. आणि इथे आम्हा दोघांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, कपाटाची किल्ली ह्यांच्या गोऱ्या साहेबाकडे. दोन वर्षं भरल्याशिवाय रजा नाही, आणि बायकोला मधेच एकटीला पाठवायची तरी साहेबाची सही हवी. शिवाय सातवा महिना संपला की विमानात घेत नाहीत. ह्यांनी एकदा भीत भीत विचारलं, साहेब बघू म्हणाला. घरी येऊन हे मला इंशाल्ला म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं पोट काय इंशाल्लावर थांबणार होतं?

वाट निघाली ती साहेबाच्या बायकोकडून. कंपनीच्या चहापानाला सगळ्यांनी बायकांना आणायचं होतं. तिथे ह्यांनी कौतुकाने सांगून टाकलं की माझी मिसेस फोटो रंगवते. मॅडमचे डोळे चमकले. तिला फोटोंचं वेड होतं. दर उन्हाळ्यात ती इंग्लंडला तिच्या गावाकडे जायची, पहाटे उठून तिपाई खांद्यावर टाकून डोंगरात भटकायची आणि फोटो घेऊन यायची. बंगल्यातल्या एका न्हाणीघराला काळे पडदे लावून स्वतःच ते धुवायची. इथल्या हौशी गोऱ्या मंडळींचं हिवाळ्यात प्रदर्शन असायचं. त्यासाठी तिला बारा फोटो हाताने रंगवून हवे होते, तिच्या आजीच्या घरी तसे टांगलेले असायचे म्हणून.

ह्यांनी घरी आल्या आल्या हिशेब मांडला. मॅडमला खूश कर, मग तिच्याकडून साहेबाच्या कानावर घालू, साहेब बायकोच्या शब्दाबाहेर नाही. मलाही पटलं. बाबांना पत्र टाकलं, कोणी येणाऱ्याबरोबर त्यांनी रंगाच्या बाटल्या पाठवल्या. दर मंगळवारी साहेबाचा ड्रायव्हर मला न्यायला यायचा. गाडीत बसले की मला हसू यायचं, पोटात बाळ आणि मांडीवर रंगाची पेटी.

फोटो बघून मात्र मी चक्रावले. बारापैकी एकातही माणूस नाही! डोंगर, उतरणीवर मेंढ्या, धुकं, एक मोडकं फाटक, एक वाकडं झाड, पुन्हा डोंगर. बाबा असते तर म्हणाले असते, एवढी फिल्म घालवली, कोणाला तरी उभं करायचं मध्ये. मॅडम एकेका फोटोपुढे थांबून सांगायची, इथे मी दोन तास उजेडाची वाट बघत बसले होते. दोन तास! मला ह्यांची वाट बघायची सवय होती, उजेडाची कोण बघतं? पण हळूहळू मलाही ते डोंगर आवडायला लागले. कारण सांगते. त्या डोंगरांवरून दगडाचे गडगे गेले होते, थेट आमच्याकडे आंब्याच्या बागांना असतात तसे. दगडावर दगड, मध्ये चुना नाही, माती नाही. मी फोटो डोळ्यांजवळ धरून गडग्याच्या कडेकडेने चालत जायचे.

सात फोटो मॅडमच्या देखत झाले, त्यात गवत आणि आभाळच होतं. उरलेल्या पाचांत गडगे होते, ते ती म्हणाली घरी ने, सावकाश कर. मी ते आठवड्यात केले. इतकं मन लावून मी कधीच काम केलं नव्हतं. एकेक चिरा वेगळा रंगवला, उन्हाची बाजू तांबूस, सावलीची बाजू करडी-तांबडी, सांध्यात शेवाळ. पाचही फोटो पलंगावर मांडून ठेवले आणि ह्यांना बोलावलं.

ह्यांनी एकेक फोटो उचलून पाहिला. मग म्हणाले, "अगं, हे जांभ्याचे का केलेस?"

मी उलट तोंड वर करून म्हटलं, मग दगड कसले असतात? आणि म्हणता म्हणताच एक फोटो पुन्हा उचलून बघितला. काळ्या-पांढऱ्या फोटोत जांभा आणि काळा दगड सारखाच दिसतो. गडगा म्हटलं की माझ्या हाताला दुसरा रंग माहीतच नव्हता. मला कोणी विचारलं असतं तरी मी शपथेवर सांगितलं असतं की दगड लाल असतो. ह्यांनी कपाळाला हात लावला. इंग्लंडात लाल दगड कुठून येणार, आता ती चिडणार, साहेबाला सांगणार, माझं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात सहीला आहे. त्या रात्री ते जेवले नाहीत. शेवटी एवढंच बजावलं, "आता ती काय म्हणेल त्याला हो म्हण. एक शब्द जास्त बोलू नकोस."

मंगळवारी मी पाची फोटो तिच्यापुढे ठेवले आणि मान खाली घातली. मॅडमने एक फोटो उचलला, खिडकीशी नेला, परत आणला. मग हळूच विचारलं की असे गडगे तू कुठे पाहिलेस. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने असं मऊ विचारलं आणि मला रडू फुटलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सगळं सांगून टाकलं. आमच्या गावचे दगड, आई, बाळ, पासपोर्ट, सातवा महिना. सांगताना शब्द मागेपुढे झाले असतील, पण तिने माझा हात धरून ऐकलं. ते फोटो ती ठेवून घेणार म्हणाली, आणि त्याच पाचांच्या नव्या प्रती धुऊन देईन, त्या राखाडी कर. जाताना म्हणाली, तू काळजी सोड, मी बघते. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं आणि त्याच दिवशी आईला पत्र टाकलं, बहुतेक जमतंय. बॅगही काढून पुसून ठेवली.

पुढच्या मंगळवारी मॅडम दारातच उभी होती, चेहरा नुसता फुललेला. मला खुर्चीत बसवलं, पायाखाली उशी दिली. म्हणाली, सगळं ठरवून टाकलंय. इथल्या हॉस्पिटलात तिच्या ओळखीची इंग्लिश डॉक्टर आहे, तिच्याशी बोलणं झालंय, स्वतंत्र खोली मिळेल. तिने साहेबालाही सांगून टाकलं होतं की अशा अवस्थेत या मुलीला एवढ्या लांब, लहानशा गावात, सुईणीच्या हाती पाठवायचं नाही. साहेबाने ताबडतोब मान्य केलं.

"तुला आता कुठेही जावं लागणार नाही," ती म्हणाली.

ती वाईट बाई नव्हती. तिने माझ्यासाठी जे केलं तेच तिने स्वतःच्या लेकीसाठीही केलं असतं. माझ्या रडण्यातून तिला एवढंच कळलं होतं की ही पोर घाबरली आहे. घाबरलेली नव्हते मी, मला घरी जायचं होतं. हे एक वाक्य इंग्रजीत मला येत होतं. आजही येतं. सासूशी, घरमालकाशी, ह्यांच्याशी तोंड वर करून बोलणारी मी, त्या खुर्चीत बसून लाल गडग्यांचा विचार करत होते, ह्यांच्या काँट्रॅक्टचा विचार करत होते, आणि तोंडातून निघालं, "थँक यू, मॅडम."

ह्यांचा आनंद गगनात मावेना. इंग्लिश डॉक्टर, स्वतंत्र खोली, झिंजला राहणाऱ्या मित्रांना जाऊन सांगून आले. काँट्रॅक्टवर सही झाली. मी पाच फोटो पुन्हा रंगवले, राखाडी, एकदम बरोबर. प्रदर्शनात लोकांनी वाहवा केली म्हणे, मी गेले नव्हते. सातवा महिना संपला त्या दिवशी मी पुसलेली बॅग माळ्यावर टाकली आणि दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना कारण कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. काय सांगणार, मीच हो म्हटलं होतं. आईला पत्र लिहायला मात्र मला आठवडा लागला. तिचं उत्तर आलं, त्यात चार ओळी होत्या, साहेबमंडळी भली आहेत, देव त्यांचं भलं करो, पाळणा परत देऊन टाकला.

मुलगी झाली. सगळं अगदी नीट झालं, डॉक्टरीणबाई हुशार होती, यात काही खोट काढता येणार नाही. मॅडम फुलं घेऊन आली, आमचे फोटो काढले. खोली पांढरी स्वच्छ होती आणि रात्रभर मी भिंतीकडे तोंड करून पडून होते.

दोन वर्षं भरली तेव्हा आम्ही घरी गेलो. मुलगी वर्षाची होऊन गेली होती, चालत होती. आई फाटकापर्यंत धावत आली, पदराला हात पुसले आणि दोन्ही हात पुढे केले. पोरीने तिच्याकडे पाहिलं, भोकाड पसरलं आणि माझ्या मानेला अशी घट्ट मिठी मारली की सुटेना. मी तिला सोडवायला लागले, आजी आहे गं, जा ना, म्हणत होते. आईचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले.

मग तिने ते खाली घेतले. म्हणाली, "राहू दे गं. ओळख कुठे आहे तिची माझी."